तीस पौंडांचे वचन

श्रोतेहो, "मी एकटा काय करणार?" हे वाक्य आपल्या कानांवर रोज पडते. बोलणारा ते कधी नम्रतेने बोलतो, पण बहुतेक वेळा त्यातून स्वतःची सुटका करून घेतो. धर्माच्या बाबतीतही असेच चालते. मोठी कामे संतांनी, महात्म्यांनी करावीत. आपण सणावाराला नमस्कार करावा, रविवारी उपासनेला जावे, की झाले! आज ज्या माणसाची हकीगत सांगावयाची आहे तो संत नव्हता, विद्वान नव्हता आणि डॉक्टर तर नव्हताच. तो होता एक साधा शाळामास्तर.

त्याचे नाव वेलस्ली बेली. जन्म 1846 सालचा, आयर्लंडमधला. तरुणपणी नशीब काढावे म्हणून तो घराबाहेर पडला, न्यूझीलंडपर्यंत जाऊन आला. शेवटी 1869 साली तो हिंदुस्थानात आला आणि पंजाबातील अंबाला येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या शाळेत शिकवू लागला. तेथील वडीलधारे मिशनरी मॉरिसन यांनी एक दिवस त्याला आपल्याबरोबर जवळच्या काही झोपड्यांकडे नेले. झोपड्यांत महारोगी राहत होते. कोणाची बोटे झडलेली, कोणाचे डोळे गेलेले. घरच्यांनी तोडलेली आणि गावाने हाकललेली ही माणसे होती. पुढे बेलीने प्रांजळपणे सांगितले आहे, की ते पाहून त्याच्या अंगावर शहारा आला; पण त्याचबरोबर मनाने घेतले, की ख्रिस्तासारखे काम जर जगात कोठे असेल तर ते येथेच आहे.

असे त्याला का वाटावे? शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. एक कुष्ठरोगी येशूपाशी येतो. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्याला शिवायचे नाही, जवळही येऊ द्यायचे नाही. येशू मात्र हात पुढे करून त्याला आधी स्पर्श करतो आणि मग बरा करतो. हा प्रसंग बेलीने लहानपणापासून ऐकलेला असणार. लाखो लोक तो ऐकतात. अंबाल्याला मात्र तो प्रसंग त्याच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. बरे करण्याची शक्ती त्याच्यापाशी नव्हती. त्या वेळी या रोगावर खात्रीचे औषधच नव्हते. आपल्याकडे कडू कवठाचे तेल लावीत व पोटात देत, त्याचा गुण बेताचाच. पण जवळ जाणे, शेजारी बसणे, विचारपूस करणे एवढे तर त्याच्या हाती होते! तेवढे तो करू लागला.

आता दुसरी पायरी पाहा. 1873 साली बेली पतिपत्नी आयर्लंडला परतली. डब्लिनजवळच्या मंक्सटाउन गावी पिम नावाच्या भगिनी त्यांच्या परिचयाच्या होत्या. त्यांच्यापाशी त्याने अंबाल्याची हकीगत सांगितली. त्यांतील शार्लट पिम यांनी वचन दिले, की या लोकांसाठी आपण दरसाल तीस पौंड जमवून देऊ. ही बाई कधी वर्तमानपत्रात झळकलेली नव्हती. जे झेपेल तेवढेच तिने कबूल केले आणि ते पाळले. नव्हे, जमले ते कबूल केल्याहून पुष्कळ अधिक. यातूनच 1874 साली 'मिशन टु लेपर्स' ही संस्था उभी राहिली. 1917 साली बेली निवृत्त झाला तेव्हा तिचे काम 12 देशांत 87 ठिकाणी चालले होते. आपल्या अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे याच संस्थेचे रुग्णालय आहे.

या कामात उणिवा नव्हत्या असे नाही. त्या काळच्या आश्रमांत रोगी समाजापासून दूरच राहिला. सेवेबरोबर धर्मप्रचारही चाले, आणि त्याबद्दल मतभेद आहेत. परंतु काम वाढत गेले तशी समजही वाढली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 साली पॉल ब्रँड नावाचे शस्त्रवैद्य आले. रोग बोटे खातो, ही समजूत त्यांना पटेना. बारकाईने पाहता त्यांना दिसले, की हाताची संवेदना गेलेली असते. म्हणून रोगी तापलेले भांडे उचलतो, जखम झाली तरी त्याला कळत नाही, आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे जातात. वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावता येतात, हेही त्यांनी दाखविले. 1965 साली संस्थेने आपल्या नावातला 'लेपर' हा शब्द काढून 'लेप्रसी मिशन' असे नाव घेतले. रोगावरून माणसाला नाव ठेवू नये, हा त्यातला अर्थ.

अशी ओढ एकाच धर्मात असते असे मुळीच नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 साली कुष्ठसेवा सुरू केली, ती गांधी-विनोबांच्या प्रेरणेने. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती 1949 सालची. वाटा निरनिराळ्या, रोग्याच्या जवळ जाणे हे पहिले पाऊल मात्र सगळ्यांचे एकच.

हे सगळे जुने झाले, आता काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण श्रोतेहो, आपल्या देशात अजूनही दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण सापडतात. फरक इतकाच, की आज औषध आहे. 1981 सालापासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. उपचार सुरू झाला की संसर्गाची भीती लवकरच राहत नाही. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही आणि आनुवंशिकही नाही. तो जंतूंमुळे होतो, आणि बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पांढरे कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे.

औषध आहे, मग अडते कोठे? अडते लाजेपाशी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो, तेथे स्पर्श कळत नाही. पण सोयरीक मोडेल, लोक पाणी घेणार नाहीत, या धाकाने घरातली सून तो पदराखाली झाकते. दोन वर्षांनी बोटे वाकडी होतात, आणि तेव्हा कोठे दवाखाना आठवतो. 2019 साली कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण काढून टाकण्यात आले. कायद्याने आपले काम केले. मनातले कारण कोणी काढायचे?

येथे सामान्य श्रद्धावंताचे काम सुरू होते. गुरुजी वर्गातल्या मुलाच्या अंगावरचा बधिर चट्टा पाहू शकतात, चारचौघांत न बोलता त्याच्या आईबापांना गाठून दवाखान्यात पाठवू शकतात. शेजारीण गावच्या आशाताईंना निरोप देऊ शकते. उपासना संपल्यावर घरी जाताना, बऱ्या झालेल्या माणसाच्या ओट्यावर बसून त्याच्या घरचा चहा घेता येतो. त्या चहाने गावाची भीती जितकी जाते तितकी दहा भाषणांनी जात नाही. बेली झोपड्यांपर्यंत गेला आणि जे पाहिले ते सांगत राहिला. शार्लट पिम यांनी झेपेल तेवढे वचन दिले आणि ते पाळले. आपापल्या गावात, या आठवड्यात, एवढे तरी आपल्याला खचित करता येईल.