घरपोच मोफत, पण जिन्याचे पैसे कोणाचे?

नव्या घरात पहिली वस्तू कोणती न्यावी, याबद्दल आपल्या समाजात फारसा वाद होत नाही. तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लागते, पुस्तके एका कोपऱ्यात रचली जातात, आणि मग पलंग-कपाटाचा विचार सुरू होतो. खांदा कॉलनीतील सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही घर घेतले, तेव्हा आमचेही असेच झाले. भाड्याच्या घरातील मोडका पलंग तेथेच सोडला आणि पनवेलच्या एका दुकानातून तीन वस्तू घेतल्या. लोखंडी कपाट १३,५०० रुपयांचे, खाली पेटी असलेला पलंग १९,००० रुपयांचा आणि मुलीला अभ्यासाचे टेबल ५,५०० रुपयांचे. एकूण ३८,००० रुपये झाले. दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत ‘घरपोच मोफत’ लिहिलेले होते. तेवढे वाचून आम्ही निश्चिंत झालो.

टेम्पो आला तेव्हा आम्ही कचेरीत होतो. घरी आमच्या पत्नी आयुष्यमती एकट्या होत्या. टेम्पोवाल्याने तिन्ही वस्तू इमारतीच्या फाटकाशी उतरवल्या आणि म्हणाला, “वहिनी, आमचं काम इथवरच. वर चढवायचं असेल तर माणसं बघा.” त्यांनी आम्हाला फोन केला, आम्ही अर्धी रजा टाकून धावत आलो. तोवर नाक्यावरचे दोन हमाल आले होते. त्यांनी तीन वस्तूंचे १,५०० रुपये सांगितले. आम्ही अर्धा तास घासाघीस केली आणि १,००० रुपयांवर आणले.

ऐंशी किलोच्या आसपासचे ते कपाट दोघांनी दोरीत बांधून पाठीवर घेतले. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकले. ते खाली टेकवून, आडवे करून, पुन्हा उचलावे लागले. त्यातील वयस्क हमाल पायरीवर बसून धापा टाकत होता. काम झाल्यावर त्यांना पैसे व चहा दिला. ते गेल्यावर पत्नी म्हणाल्या, “अहो, दुकानात ३८,००० मोजताना एक शब्द बोलला नाहीत. या माणसांपुढे मात्र तुम्हाला बरं बोलता आलं.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या वडिलांनी मुंबईत मशीद बंदरला गोण्या वाहून आम्हाला बी.कॉम. केले. त्यांच्या पाठीवरचा घट्टा आम्ही लहानपणी हाताने चाचपून पाहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी जोडणारा कारागीर आला. पलंगाचे ६०० आणि टेबलाचे ३०० रुपये त्याने घेतले. म्हणजे ‘मोफत’ पोचलेल्या सामानावर १,९०० रुपये वर गेले, शंभरामागे पाच रुपये. ही रक्कम मुलीच्या क्लासच्या फीसाठी काढून ठेवलेली होती. चूक दुकानदाराची होतीच. पण विचारायचे ते विचारले नाही, ही आमचीही होती. इतर कुटुंबांची अशी ओढाताण होऊ नये म्हणून हा लेख.

एका खर्चाचे तीन तुकडे

दुकानातून घरात येईपर्यंत सामानाला तीन प्रकारची मजुरी लागते. पहिली गाडीची, म्हणजे टेम्पोभाडे. दुसरी उतराई-चढाईची, ट्रकच्या धंद्यात उतराईच्या मजुरीला वाराई म्हणतात. तिसरी जोडणीची. दुकानदार ‘मोफत’ म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिल्या मजुरीविषयी बोलत असतो. उरलेल्या दोन आपल्या माथी येतात.

जोडणीचा खर्च पूर्वी वेगळा नसे. सुतार घरी येई, रोजंदारीवर आठ-पंधरा दिवस काम करी, आणि पलंग घरातच उभा राही. आता सामान सपाट खोक्यांत सुटे येते. याची एक गोष्ट सांगतात. स्वीडनमधील आयकिया या कंपनीत १९५६ साली एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्याचे पाय काढले गेले आणि त्यातून सुट्या सामानाच्या विक्रीची पद्धत रुजली. याच कंपनीचे दुकान डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला उघडले. सुट्या सामानाला गोदामात व गाडीत जागा कमी लागते, म्हणून ते स्वस्त पडते. परंतु जोडण्याचे काम कारखान्यातून निघून गिऱ्हाइकाच्या घरी येते. ते स्वतः करायचे की पैसे देऊन करवून घ्यायचे, हे वस्तू घेण्याआधीच ठरवले पाहिजे.

खरेदीपूर्वी एवढे करा

दुकानात जाण्यापूर्वी घराच्या दाराची, बोळाची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी टेपने मोजून कागदावर लिहून न्या. लिफ्ट असल्यास तिची आतली उंचीही मोजा. कपाट वळणावर अडकले की मजुरी वाढते आणि भिंतही खरवडते.

दुकानदाराला चार प्रश्न विचारा. घरपोच म्हणजे फाटकापर्यंत की खोलीपर्यंत? लिफ्ट नसेल तर मजल्याप्रमाणे किती पैसे? जोडणी कोण करणार व तिचे पैसे किमतीत आहेत की वेगळे? वाटेत ओरखडा आला, काच फुटली तर जबाबदारी कोणाची? जे उत्तर मिळेल ते पक्क्या बिलावर लिहून घ्या. ‘तिसऱ्या मजल्यावर खोलीत पोच, जोडणीसह’ एवढे पाच शब्द पुरेत. शक्य असेल तर थोडी रक्कम जोडणी होईपर्यंत बाकी ठेवा.

सामान बहुधा दिवसा येते आणि त्या वेळी घरात स्त्रियाच असतात. म्हणून काय ठरले आहे हे घरातील स्त्रीला ठाऊक असले पाहिजे आणि बिलही तिच्या हाताशी असले पाहिजे. खोके उघडून पाहिल्याशिवाय ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या कागदावर सही करू नये. टेम्पोवाला घाई करीत असेल तर ‘न तपासता घेतले’ असे लिहून सही करावी आणि लगेच फोटो काढून ठेवावेत.

स्वतः जोडणे कोठवर जमते?

टेबल, खुर्ची, चपलांचे कपाट, पुस्तकांचे छोटे रॅक या वस्तू घरची दोन माणसे जोडू शकतात. जुनी चादर अंथरून सर्व तुकडे मांडावेत आणि स्क्रू मोजून घ्यावेत. कमी असतील तर तेव्हाच दुकानात कळवावे. सगळे स्क्रू आधी ढिले बसवावेत व सांगाडा सरळ आहे असे पाहून मगच आवळावेत. भुशाच्या दाबलेल्या फळीत स्क्रू जास्त आवळला की भोक मोठे होते आणि पुन्हा पकड येत नाही. अशा फळीचे फर्निचर वारंवार सोडून जोडले तर खिळखिळे होते, म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी ते विचार करून घ्यावे. उरलेले स्क्रू व चावी एका पिशवीत घालून कपाटाच्या आत बांधून ठेवावी.

पुस्तकांबद्दल एक अनुभव सांगतो. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड काढीत आले आहे, ते आम्ही एका भुशाच्या लांब फळीवर ओळीने लावले. सहा महिन्यांत फळी मधोमध वाकली. एवढ्या वजनाला प्लायवूडची जाड फळी लागते किंवा मध्ये आधार द्यावा लागतो.

उंच कपाट, पेटीचा पलंग मात्र कारागिराकडूनच जोडून घ्यावा. घरात लहान मूल असेल तर खणांचे कपाट भिंतीला पक्के बांधण्याचे पैसे वाचवू नयेत. अमेरिकेत अशी कपाटे अंगावर पडून मुले दगावली आणि २०१६ साली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवावी लागली.

घाम आणि खंडणी यांतला फरक

आता चढाईच्या मजुरीबद्दल. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी त्यासाठी मोठा लढा दिला होता. टोळी आणि मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या हमालाला या कायद्याने मंडळ दिले, भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी दिली. आमच्या वडिलांच्या म्हातारपणाला त्याचाच आधार झाला.

याच नावाचा गैरफायदा घेणारेही आहेत. नवी मुंबई, पुणे भागात घर बदलणाऱ्या कुटुंबांना अडवून, बनावट संघटनांच्या नावाने, काम न करता पैसे मागितल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आहेत. केरळात अशा वसुलीला ‘नोक्कुकूली’ म्हणत, म्हणजे नुसते बघत उभे राहण्याची मजुरी. तेथील सरकारने ती १ मे २०१८ पासून, कामगारदिनीच, बंद केली. न केलेल्या कामाचे पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका, पोलिसांत तक्रार करा. त्याने खऱ्या हमालाचेच नाव खराब होते.

परंतु ज्याने पाठीवर कपाट घेतले, त्याच्याशी घासाघीस करताना आपण दहा वेळा विचार केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका पुरुषाने उचलावयाचे ओझे ५५ किलोपर्यंत असावे असे म्हटले आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच काळातली. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात हमालाचे पाचशे रुपये कापले जावेत, हे आमच्या मनाला आजही टोचते.

तथागतांनी सिगाल या गृहस्थाला केलेला उपदेश बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी, असा त्याचा आशय आहे. तीन मजले चढून आलेल्या माणसालाही हे लागू नाही काय? दर आधी ठरवा, मजल्याप्रमाणे ठरवा. जड वस्तूला दोनऐवजी तीन माणसे लावा. ठरलेले पैसे काम होताच हातात द्या. हे परवडावे म्हणून फर्निचरच्या अंदाजपत्रकात शंभरामागे पाच-सात रुपये पहिल्याच दिवशी वेगळे काढा. आमचे गणित तेथेच चुकले होते.

फसवणूक झालीच तर

दुकानदाराने बिलावर लिहिलेले पाळले नाही तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आपल्या रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आम्हाला मात्र तक्रार करता आली नाही, कारण आमच्या बिलावर ‘घरपोच’ हा शब्दच नव्हता, तो फक्त पाटीवर होता.

शेवटी एक सूचना. प्रत्येक विहारात, प्रत्येक वसाहतीत सुतारकाम, फिटिंग, हमाली करणारे आपले तरुण असतात. त्यांची नावे व मजल्याप्रमाणे वाजवी दर लिहिलेला एक कागद विहाराच्या फलकावर लावला तर गिऱ्हाईक फसणार नाही आणि कामकऱ्यालाही कोणी कमी देणार नाही. येत्या पौर्णिमेला आमच्याकडे आम्ही ही गोष्ट मांडणार आहोत. आपणही आपापल्या ठिकाणी मांडावी.

आणि त्या वयस्क हमालाविषयी. तो अजून नाक्यावर दिसतो. शेजारच्यांचा फ्रिज आला तेव्हा आम्ही त्यालाच बोलावले. त्याने दर सांगितला. आम्ही शेजाऱ्यांना म्हणालो, “बरोबर सांगतोय, द्या.” त्यांनी दिले.

जयभीम.