पीयूसी आहे, तरी गाडी बेकायदा!

गेल्या महिन्यात वस्तीतला एक तरुण आमच्याकडे आला. शाळेची मुले ने-आण करायला त्याने जुनी व्हॅन घेतली होती. पेट्रोल परवडेना, म्हणून एका गॅरेजात सीएनजीचे किट बसवून घेतले. पैसे रोख दिले, पावती साध्या कागदावर मिळाली. पुढे तपासणीत गाडी अडकली. आमच्या टेबलावर पीयूसीचा कागद ठेवून तो म्हणाला, "दादा, धूर पास आहे. मग गुन्हा कसला?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. रिक्षा, टॅक्सी, टेम्पोवर पोट असलेले आपले शेकडो बांधव पीयूसी म्हणजेच सगळा कायदा, असे समजून चालतात. वस्तुतः पीयूसी फक्त त्या दिवशी नळीतून काय बाहेर पडले ते सांगते. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. शिवाय गाडी न बघताच कागद हातात देणारी केंद्रे आम्ही स्वतः पाहिली आहेत, ती गोष्ट वेगळी.

गाडीत केलेल्या बदलाचा कायदा निराळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मूळ ठरवलेला तपशील आणि नोंदणी पुस्तकातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात हेच ठणकावून सांगितले. यामागे कारणही आहे. प्रदूषणाची मान्यता एकट्या सायलेन्सरला नसते. इंजिन, इंधनाची यंत्रणा आणि विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या जोडीला ती मिळालेली असते. एक दुवा काढला की मान्यतेला अर्थ उरत नाही.

मात्र याच कलमाने एक दार उघडे ठेवले आहे. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनासाठी किट बसवता येते, पण ठरलेल्या अटी पाळून. मुंबईत तर काळ्या-पिवळ्या टॅक्सींना हा बदल न्यायालयानेच करायला लावला. धुराने त्रासलेल्या नागरिकांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली लाल समिती नेमली आणि पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तोवर ती अशीच बदललेली गाडी म्हणून धावत होती. स्वच्छ हवेसाठी कर्ज काढले ते टॅक्सीवाल्याने, हे मात्र कुणी फारसे लिहिले नाही.

आता शिक्षा पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. परवानगी नसलेला बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या पोटकलमात शब्द आहे तो 'मालक'. ज्याने स्पॅनर हातात घेतला आणि पैसे खिशात घातले, तो मिस्त्री त्यात नाही! हौसेखातर कन्व्हर्टर काढून मध्यरात्री फटाके फोडत जाणारा धनदांडग्याचा मुलगा आणि पेट्रोलचे दोन पैसे वाचवणारा व्हॅनवाला, दोघांना एकच माप. पहिल्याला पाच हजार म्हणजे एका रात्रीची पार्टी, दुसऱ्याच्या घरी तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो. पहिल्याला सवलत द्या असे आम्ही म्हणत नाही, आणि दुसऱ्यालाही नाही. किट बसवणाऱ्याला त्याच पोटकलमात ओढा, ही आमची मागणी आहे.

तोवर आपल्या बांधवांनी स्वतः सावध राहायला हवे. आपल्या गाडीसाठी त्या किटला मान्यता आहे का, ते बसवणारा अधिकृत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. पक्के बिल घ्या. मंजुरी आधी घ्यावी हे उत्तम, आणि ज्या बदलाला आधी मंजुरी घेतलेली नाही तो चौदा दिवसांत कळवावा लागतो. नोंदणी पुस्तकात इंधनाची नोंद बदलून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर तीच कंपनी बोट दाखवेल. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते, तिची तारीख सिलिंडरवर पाहा.

त्या तरुणाच्या सिलिंडरवरची तारीख आम्हाला वाचताच आली नाही. त्यावर रंगाचा हात मारलेला होता, आणि त्याच्याच पुढच्या बाकावर रोज पहिली-दुसरीची मुले बसत होती. आम्ही त्याला आधी सिलिंडर उतरवायला लावला, दंडाचे पुढे पाहू म्हटले. गॅरेजवाल्याला नोटीस धाडली. पावतीवरचे अक्षर आपले नाही, असे त्याचे उत्तर आले आहे. पुढच्या आठवड्यात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीत आहोत.