‘अंगच नाजूक होतं त्याचं’
हिमोफिलिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराण्याच्या गप्पांत कधीतरी एखादं वाक्य येऊन जातं. “थोरल्या मामाचा दात पाडला अन् रक्तच थांबलं नाही.” किंवा, “मावशीचं पोरगं होतं एक. गुडघे सुजायचे सारखे. लहानपणीच गेलं.” ऐकणारे हळहळतात, कुणीतरी म्हणतं, “अंगच नाजूक होतं त्याचं,” आणि बोलणं दुसरीकडे वळतं. त्या माणसाची गोष्ट तिथेच संपते.

अशा प्रत्येक मृत्यूमागे हिमोफिलिया असेलच असं नाही. पण आईकडच्या पुरुषांत असं दोनदा घडलं असेल, तर ती आठवण नुसती हळहळण्याची राहत नाही. ती निदानाची पहिली खूण असते. हिमोफिलिया ‘ए’ दर 5,000 मुलग्यांमागे साधारण एकाला होतो. 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 18 लाखांवर होती. त्यातले पुरुष 9 लाखांहून जास्त. जन्मलेला प्रत्येक मुलगा जगला असता, तर या हिशेबाने जिल्ह्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं या आजाराची असती. यातलं एकही माणूस ‘नाजूक अंगाचं’ नसतं. त्याच्या रक्तात एक प्रथिन कमी असतं, इतकंच.

गैरसमज : जरा खरचटलं तरी रक्त वाहून माणूस मरतो.

वस्तुस्थिती : रक्त गोठण्यासाठी शरीरातली अनेक प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात. त्यांना ‘फॅक्टर’ म्हणतात. आठवा फॅक्टर कमी असला तर हिमोफिलिया ‘ए’, नववा कमी असला तर ‘बी’. जखम झाल्यावर या माणसाचं रक्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहत राहतं. साधं खरचटणं दाबून धरलं की थांबतं. खरा धोका आत असतो. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यांत रक्त साचतं, सांधा तापतो, सुजतो आणि पुन्हा पुन्हा असं होऊन कायमचा आखडतो. डोक्यात रक्तस्राव झाला तर जीवच जातो. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड 1884 मध्ये फ्रान्समधल्या कान शहरात घसरून पडला. गुडघ्याला आणि डोक्याला मार लागला आणि काही तासांत तो गेला. वय 30.

आपल्याकडे सुजलेला गुडघा चोळतात, बिब्बा लावतात, डाग देतात. हिमोफिलियात हे सगळं घातक आहे. सांध्याला विश्रांती द्यायची, बर्फाने शेकायचं, हलकी पट्टी बांधायची आणि लवकरात लवकर कमी असलेल्या फॅक्टरचं इंजेक्शन द्यायचं.

गैरसमज : हा राजेरजवाड्यांचा आजार आहे.

वस्तुस्थिती : राजघराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवलेल्या होत्या, म्हणून त्यांचा आजार जगाला कळला. व्हिक्टोरियाच्या लेकी-नातींकडून तो रशियाच्या राजपुत्र अलेक्सेईपर्यंत पोचला. 2009 मध्ये अलेक्सेईच्या रोमानोव्ह कुटुंबाच्या अस्थींतल्या डीएनएची तपासणी झाली आणि तो ‘बी’ प्रकार असल्याचं सिद्ध झालं. शेतमजुराच्या घरातही हा आजार तितकाच होतो. फरक एवढाच की तिथे वंशावळ आजीच्या तोंडी असते, आणि आजी गेली की तीही जाते.

ही तोंडी आठवण किती मोलाची असते ते इतिहासात दिसतं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ज्यू धर्मनियमांत म्हटलं आहे की एखाद्या आईची दोन मुलं सुंता करताना रक्त जाऊन दगावली, तर तिसऱ्याची सुंता करू नये. 1803 मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन ओटो यांनी अशाच एका घराण्याची हकिकत गोळा केली आणि लिहिलं, की रक्तस्राव पुरुषांना होतो आणि वारसा बायकांकडून पुढे जातो. तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता. लोकांनी आपली मेलेली मुलं लक्षात ठेवली होती, त्यावरूनच हे कळलं.

गैरसमज : मुलाला आजार झाला, म्हणजे दोष आईचा.

वस्तुस्थिती : हे फॅक्टर बनवणाऱ्या जनुकांची जागा एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून आजार तिच्याकडून येतो. पण तो तिने केलेला नसतो, कुठलं पाप, कोप किंवा गरोदरपणातली चूक तर नसतेच. आई वाहक असेल, म्हणजे तिच्या एका एक्सवर सदोष जनुक असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्याने झालेला असतो. खुद्द व्हिक्टोरियाच्या आधी तिच्या कुळात असा रुग्ण आढळत नाही. या आजारापायी सुनेला माहेरी धाडणारी घरं आजही आहेत. त्यांनी हे दोनदा वाचावं.

बापाचा हिशेब वेगळा. आजारी बापाकडून मुलग्याला आजार मिळत नाही, पण त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते. लिओपोल्डचा मुलगा निरोगी राहिला. मुलगी ॲलिस वाहक निघाली आणि तिचा मुलगा रूपर्ट 1928 मध्ये मोटार अपघातानंतर रक्तस्रावाने गेला.

गैरसमज : बायकांना हिमोफिलिया होतच नाही.

वस्तुस्थिती : कमी होतो, पण होतो. वाहक बाईचाही फॅक्टर कमी असू शकतो. मग पाळीत अतोनात रक्त जातं, बाळंतपणात जीव धोक्यात येतो आणि घरात “तिला तसंच जातं” म्हणून कुणी लक्ष देत नाही.

मराठवाड्याने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एरवी नात्यातल्या लग्नाने हिमोफिलिया होत नाही. थॅलेसेमियासारख्या आजारांचा, ज्यांत आईबाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं, धोका अशा लग्नाने वाढतो. पण आजारी भाच्याचा मामाही आजारी असेल, तर त्या मामाची मुलगी नक्की वाहक असते. मामाची मुलगी करायच्या रीतीने या दोघांचं लग्न झालं, तर त्यांच्या मुलींनाही पूर्ण हिमोफिलिया होऊ शकतो. सोयरीक ठरवण्याआधी मामाच्या सुजणाऱ्या गुडघ्याची आठवण निघायला हवी ती यासाठी.

गैरसमज : प्लेटलेट नॉर्मल आल्या, म्हणजे रक्त ठीक आहे.

वस्तुस्थिती : हिमोफिलियात प्लेटलेट नॉर्मलच असतात. ऑपरेशनआधी होणाऱ्या बीटी-सीटी तपासणीतही सौम्य आजार निसटू शकतो. एपीटीटी या तपासणीत रक्त गोठायचा वेळ लांबलेला आला की संशय घ्यायचा आणि फॅक्टरची पातळी मोजून निदान पक्कं करायचं. रांगत्या बाळाच्या अंगावर काळे-निळे डाग, लस दिलेल्या जागी मोठी गाठ, दात पडल्यावर दिवसभर पाझरणारं रक्त, कान टोचल्यावर किंवा सुंता केल्यावर न थांबणारं रक्त, यातलं काही दिसलं तर ही तपासणी मागून घ्या. अशा मुलाला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. दंडात-कमरेत इंजेक्शन देऊ नका. लसी मात्र टाळू नका. त्या बारीक सुईने, नंतर जागा दाबून धरून देता येतात.

गैरसमज : हा रक्ताचा रोग आहे, म्हणजे तो लागतो.

वस्तुस्थिती : शेजारी बसून, एका ताटात जेवून, रक्ताला हात लागूनही हिमोफिलिया दुसऱ्याला होत नाही. उलट इतरांच्या रक्तातून याच लोकांना रोग मिळाले. स्टीफन ख्रिसमस हा रुग्ण पाच वर्षांचा होता, तेव्हा 1952 मध्ये त्याच्या रक्तावरून नववा फॅक्टर वेगळा ओळखला गेला. ‘बी’ प्रकाराला आजही ख्रिसमस डिसीज म्हणतात. मोठेपणी त्याने टॅक्सी चालवली, वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून काम केलं. औषध म्हणून घेतलेल्या दूषित रक्तघटकांतून त्याला एचआयव्ही झाला आणि 1993 मध्ये तो गेला. शेवटपर्यंत तो सुरक्षित रक्तासाठी झगडला. आज फॅक्टरवर विषाणू मारण्याची प्रक्रिया होते किंवा तो प्रयोगशाळेत बनवतात.

गैरसमज : असं मूल काही करू शकत नाही.

वस्तुस्थिती : तीव्र हिमोफिलिया असलेल्या फ्रँक श्नाबेल यांनी 1963 मध्ये हिमोफिलियाची जागतिक संघटना उभी केली. 17 एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळतात. भारतात 1983 मध्ये हिमोफिलिया फेडरेशन स्थापन करणारे अशोक बहादूर वर्मा स्वतः रुग्ण होते. आज नियमित फॅक्टर घेणारी मुलं शाळेत जातात, पोहतात, नोकरी करतात. ‘ए’ प्रकारासाठी एमिसिझुमॅब हे कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आलं आहे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने ‘ए’ प्रकाराच्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुक उपचाराचे आशादायक निष्कर्ष 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

एके काळी परभणीच्या मुलाला देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईत परळचं केईएम रुग्णालय गाठावं लागायचं. आता राज्यातल्या ठरावीक सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो. आपल्याला जवळचं केंद्र कोणतं, ते जिल्हा रुग्णालयात विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो.

आपण पितृपक्षात वडिलांकडच्या पिढ्यांची नावं घेतो. आईच्या वडिलांसाठी नातवाने करायचा आजेपाडवाही आपल्या रीतीत आहे. यंदा त्या दिवशी, किंवा तुमच्या घरी गेलेल्यांना आठवण्याचा जो दिवस असेल त्या दिवशी, आईकडच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि विचारा : आपल्यात कुणाचं रक्त थांबत नव्हतं? कुणाचे सांधे सुजायचे? काय नाव होतं त्याचं? ते नाव वहीत लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जो गेला त्याला कुणी वाचवू शकलं नाही. पण त्याच्या बहिणीचा नातू आज वाचू शकतो.