हॉकी गेली त्या शहरात

मे 1995 मध्ये कॅनडातल्या क्यूबेक शहराचा हॉकी संघ ‘नॉर्डिक’ विकला गेला. खेळाडू अमेरिकेत डेन्व्हरला गेले आणि नवं नाव, नवा गणवेश घेऊन पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी हॉकीतला सर्वोच्च मानाचा स्टॅनले चषक जिंकला. ज्या शहराने हा संघ वर्षानुवर्षं उरावर मिरवला, त्याला तो विजय दुरून पाहावा लागला. काही महिन्यांनी, 1996च्या शरदात, याच शहरातल्या लाव्हाल विद्यापीठाचा फुटबॉल संघ पहिल्या मोसमासाठी मैदानात उतरला. नाव ‘रूज ए ओर’, म्हणजे लाल आणि सोनेरी.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणं, धडका हे सगळं अमेरिकन खेळासारखंच. पण कॅनडात एका बाजूला अकराऐवजी बारा खेळाडू असतात, मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद असतं आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी मिळतात. त्यामुळे लाथेने चेंडू दूर धाडण्याला इथे फार मोल. लाथाडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात गेला आणि त्याला तो बाहेर आणता आला नाही, तर एक गुण मिळतो. त्या गुणाचं नावही ‘रूज’च! 2004च्या देशपातळीवरच्या विद्यापीठीय अंतिम सामन्यात लाव्हालने सस्कॅचेवान विद्यापीठाला 7-1 असं हरवलं. सस्कॅचेवानचा तो एकुलता एक गुण रूजचाच.

क्यूबेक प्रांतात हा खेळ पूर्वीपासून होता, पण त्याची भाषा इंग्रजी होती. 1874 मध्ये हार्वर्डशी सामने खेळणारं मॅकगिल हे माँट्रियलचं इंग्रजी विद्यापीठ. फ्रेंच माध्यमाच्या लाव्हालने संघ उभा करणं म्हणूनच मोठं धाडस होतं. त्यामागे फर्निचरच्या धंद्यातले जाक तांगे यांच्यासारखे स्थानिक उद्योजक होते. संघाचा कारभार पाहायला त्यांनी ना-नफा तत्त्वावरची स्वतंत्र संस्था उभारली. प्रायोजक, तिकिटं, देणग्या यांतून पैसा आणला. इतर विद्यापीठांनी या पैशाबद्दल तक्रारी केल्या आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. पण पैशाने मैदान सजतं, गर्दी जमत नाही. लाव्हालच्या सामन्यांना हजारो लोक येऊ लागले. सकाळपासून वाहनतळावर चुली पेटायच्या, कुटुंबंच्या कुटुंबं लाल-सोनेरी कपड्यांत यायची. आणि शाळेनंतरच्या सेजेप महाविद्यालयांत फ्रेंचमध्येच हा खेळ शिकलेली मुलं संघाला मिळत गेली. या लेखकाच्या मते खरं भांडवल हेच.

चौथ्याच मोसमात, 1999 मध्ये, सेंट मेरीजला 14-10 असं नमवून लाव्हालने देशाचं विद्यापीठीय विजेतेपद, म्हणजे व्हॅनिए चषक, जिंकला. फ्रेंच विद्यापीठाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ. 2001 मध्ये ग्लेन कॉन्स्टँटिन मुख्य प्रशिक्षक झाले आणि 2003 ते 2013 सलग अकरा वर्षं क्यूबेक प्रांताच्या विजेतेपदाचा डन्समोर चषक लाव्हालकडेच राहिला.

पराभवही तितकेच गाजले. 2011 मध्ये व्हँकुव्हरला मॅकमास्टर विद्यापीठाविरुद्धचा व्हॅनिए चषकाचा अंतिम सामना दोनदा जादा खेळापर्यंत ताणला गेला आणि 41-38 असा हातचा गेला. पुढच्या वर्षी टोरोंटोत तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा 37,098 प्रेक्षक जमले. व्हॅनिए चषकाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी गर्दी. लाव्हालने 37-14 अशी परतफेड केली. 2014 मध्ये मात्र माँट्रियलच्या ‘काराबँ’ या दुसऱ्या फ्रेंच संघाने डन्समोरच्या अंतिम सामन्यात लाव्हालला त्यांच्याच मैदानावर जादा खेळात 12-9 असं हरवलं आणि नंतर व्हॅनिए चषकही नेला. लाव्हालला तोडीचा शत्रू मिळाला तो घरातूनच, त्याच भाषेत ओरडणारा.

2024 मध्ये किंग्स्टनला लॉरिए विद्यापीठाला 22-17 असं हरवून लाव्हालने बारावा व्हॅनिए चषक घेतला. त्यातले अकरा कॉन्स्टँटिन यांच्या कारकिर्दीतले. दरम्यान, हॉकी परत यावी या आशेने शहराने 2015 मध्ये भलंमोठं नवं क्रीडागृह उघडलं होतं. नॉर्डिक काही परतले नाहीत.