वैद्यांची निवृत्ती व भविष्य निर्वाह निधी

स्वतंत्र चिकित्सालय वा औषधी भांडार चालविणाऱ्यास निवृत्तिवेतन नसते. दुकानातील माल व येणे उधारी हीच पुंजी मानल्यास, व्यवसाय अडचणीत येताच वृद्धापकाळाची तरतूदही बुडते. ती व्यवसायापासून वेगळीच असावी.

नवोदितांनी प्रथम टपाल कार्यालयात वा बँकेत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते उघडावे. त्यात वर्षाला किमान ५०० व कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. मुदत १५ वर्षांची असून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. खातेदाराच्या कर्जापोटी ही रक्कम न्यायालयाच्या हुकुमानेही जप्त होत नाही. धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्यास हे मोठेच संरक्षण होय. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळते. म्हणून वर्षाची रक्कम एकदम भरणाऱ्याने ती ५ एप्रिलच्या आत भरावी.

२००९ पासून सर्व नागरिकांस खुली झालेली राष्ट्रीय पेन्शन योजना ही दुसरी पायरी. तीत समभागांचाही पर्याय असल्याने परतावा निश्चित नसतो.

रसायनाचे सेवन पूर्व वा मध्यम वयात करावे, असे आपण रुग्णांस सांगतो. बचतीचा योग्य कालही तोच.