चित्र सुधारलं, दुकान उठलं

गेल्या महिन्यात एका ओटीटीवरच्या माझ्या यादीतून एक जुना मराठी चित्रपट नाहीसा झाला. वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली. चौकशी केली तर उत्तर आलं, हक्कांची मुदत संपली. हक्क त्यांचे, मुदत त्यांची, पैसे तेवढे आमचे. हे उत्तर मनाला फार लागलं, कारण फोर-के डिस्क बाजारात आली त्याला यंदा दहा वर्षं झाली. घरात सिनेमा पाहण्याचं इतकं चांगलं आणि इतकं हक्काचं साधन दुसरं नाही. ते तयार झालं आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडची दुकानं उठली.

त्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मग रात्रभरासाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर, मग कोपऱ्यावरची व्हिडिओ लायब्ररी. त्या दिवसांवर गहिवरून पुष्कळ लिहिलं गेलंय. मला ते दिवस नकोत. चित्र वाईट होतं, आवाज त्याहून वाईट. नंतरची व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, आणि एका सीडीत जेमतेम सव्वा तासाचा ऐवज. मध्यंतर दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणे होत नसे, सीडी संपेल तिथे होई.

माझा काळ २००६ ते २०१६. कोऱ्या सीडी बनवणारी दिल्लीची मोझर बेअर कंपनी सिनेमाच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. चोरट्या सीडीच्या भावात अस्सल माल! किराणा दुकानातही सिनेमे टांगलेले दिसू लागले. ज्या घरांत कधी पुस्तकांचं कपाट नव्हतं, तिथे टीव्हीखालच्या खणात सिनेमे जमू लागले. पाहुणे आले की खण उघडायचा आणि ‘कुठला लावू?’ म्हणून विचारायचं. सिनेमा विकत घेऊन घरात ठेवायचा असतो, ही सवय मध्यमवर्गाला तेव्हा पहिल्यांदा लागली. त्या सवयीचं मोल मी आजही मानतो.

पण त्याच काळाचा एक हिशेब चुकता करायचा राहिलाय. मराठी चित्रपटांच्या डिस्क ज्या तऱ्हेने बाजारात आल्या, त्याचा राग अजून गेलेला नाही. एक कृष्णधवल चित्रपट मी मोठ्या हौसेने घेतला होता. चित्र झिजलेल्या टेपवरून उतरवलेलं. बाजू कापल्यामुळे दोघांच्या संभाषणात एकाचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह कायमचं चिकटलेलं, आणि ऐन मोक्याच्या प्रसंगी खालून जाहिरातीची पट्टी सरकते. श्रेयनामावलीही छाटलेली, म्हणजे छायाचित्रण कुणाचं हेसुद्धा कळू नये. निगेटिव्ह शोधायचे कष्ट सोडाच, बरी प्रिंट मिळवायचेही कष्ट घेतलेले नव्हते. आणि हेच लोक पुढे म्हणत राहिले की मराठी प्रेक्षक पैसे टाकत नाही. अहो, टाकले की! तुम्ही दिलंत काय?

चांगली डिस्क काय असते हे पाहायला मुंबईत काळ्या घोड्याला रिदम हाउसमध्ये जावं लागे. गाण्यांसाठी नावाजलेलं दुकान, पण परदेशी सिनेमांचा मांडही तिथे लक्ष देऊन लावलेला असे. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली, ब्लू-रे जिंकली, आणि त्या मांडावर निळ्या डब्या दिसू लागल्या. एका डबीला हजाराच्या आसपास पडत, म्हणून महिन्याचा हिशेब बघून घ्यायच्या. त्यातही प्रदेशांची कुलपं होती. भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’ विभागात. न्यू जर्सीच्या मावसभावाने प्रेमाने आणलेली डिस्क आपल्या प्लेअरमध्ये घातली की नकाराची पाटी यायची. फोर-केच्या डिस्कवर असं कुलूपच ठेवलं नाही. ती जगात कुठेही घ्या, कुठेही लावा.

फरक किती पडतो, हे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या विहिरीच्या प्रसंगात दिसतं. दूर क्षितिजावर मृगजळ थरथरतंय आणि त्यातून ओमर शरीफ उंटावरून येतोय. व्हीसीडीवर तिथे नुसते करडे चौकोन हलायचे. डीव्हीडीवर डाग दिसायचा, माणूस बऱ्याच वेळाने. फोर-केमध्ये एक काळी रेघ आधी उभी राहते, तुटते, पुन्हा जुळते, आणि तो माणूस आहे हे आपल्याला लॉरेन्सच्या वाटाड्याबरोबरच कळू लागतं. डेव्हिड लीनने तो प्रसंग इतका लांबवला का, हे तेव्हा उमगतं. ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर हे सगळं १९६२ पासून होतंच. आपल्या घरापर्यंत पोचत नव्हतं.

आणि मग २०१६ उजाडलं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. फेब्रुवारीअखेर रिदम हाउस बंद झालं. त्याच सुमारास अमेरिकेत फोर-के डिस्क विक्रीला आल्या. एप्रिलअखेर आलेल्या ‘सैराट’ने मराठी गल्ल्याचे विक्रम मोडले, म्हणजे प्रेक्षक पैसे टाकतो हे सिद्ध झालं. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि सिनेमा हातातल्या फोनवर गेला. एकाच वर्षात सगळं उलटंपालटं झालं. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सॅमसंगने आणि पुढे एलजीने डिस्क प्लेअर बनवणं सोडलं.

आज घरोघरी फोर-के टीव्ही आहेत, पण त्यांच्या पोटात काय पडतं? फोर-के प्रक्षेपणासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग पुरेसा मानतं. डिस्कवर तोच प्रवाह १२८ मेगाबिटपर्यंत जातो. म्हणून अंधारातल्या प्रसंगात पडद्यावर काळ्याचे पट्टे उमटतात आणि आपण टीव्हीला दोष देतो. ‘नेटवर सगळं मिळतं’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की मिळतं ते पातळ करून मिळतं, आणि उद्या मिळेल याची हमी नाही.

माझ्या कपाटात एकही मराठी फोर-के डिस्क नाही, कारण विकत घ्यायला ती कुठे दिसलीच नाही. सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी फोर-के डिस्कवर आली तीही न्यूयॉर्कच्या क्रायटेरियनकडून, २०२४ मध्ये. त्या चित्रपटांची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळली होती. वाचलेले तुकडे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत सांधले गेले. आपल्या पुण्यात जानेवारी २००३ मध्ये चित्रपट संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा प्रभातच्या चित्रपटांची नायट्रेट रिळं गेली ती गेलीच. आता ‘मंथन’, ‘शोले’ यांसारखे चित्रपट नव्याने उजळून निघताहेत. कान आणि बोलोन्यात त्यांना दाद मिळाली. आनंद आहे. पण महोत्सव संपल्यावर ती प्रत सामान्य माणसाने कुठे पाहायची?

पुस्तक छापलं की त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, असा कायदा १९५४ पासून आहे. चित्रपटाला तशी सक्ती नाही. ती व्हायला हवी. आणि सरकारी पैशातून जो मराठी चित्रपट दुरुस्त होईल, त्याच्या थोड्या तरी डिस्क निघाव्यात, त्या जिल्हा ग्रंथालयांत ठेवाव्यात, ज्याला हवी त्याला विकत मिळाव्यात. नफ्याचा धंदा म्हणून हे करायला कुणी पुढे येणार नाही, म्हणूनच ते सरकारचं काम आहे. आमच्या पिढीने ३४ रुपयांतली ती छाटलेली चित्रं पाहिली. पुढच्या पिढीला आपले चित्रपट अख्खे दिसावेत, आणि मुदत संपली म्हणून ते कुणाला तिच्या घरातून काढून नेता येऊ नयेत.