पुढची पायरी केव्हा चढावी?

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील गाव. समजा, तेथील सातवीत शिकणारी एक मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या तालुका स्पर्धेत पहिली आली. आता तिच्यापुढे शालेय स्पर्धांची ठरलेली शिडी आहे : तालुक्यानंतर जिल्हा, मग अमरावती विभाग आणि शेवटी राज्य. वयाचे गटही ठरलेले आहेत : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. ही शिडी दोनच गोष्टी पाहते, जन्मदाखला आणि स्पर्धेचा निकाल.

परंतु या खेळात आणखी एक शिडी असते, ती कसरतींच्या अवघडपणाची. साधी कोलांटी, हातांवर उभे राहणे, मग हात न टेकता हवेत मारायची कोलांटउडी, अशी ती चढत जाते. मल्लखांबावरही साध्या अढीपासून सुरुवात होते आणि उड्या फार पुढे येतात. या दुसऱ्या शिडीची पायरी केव्हा चढायची, हे दाखल्यावरून ठरत नाही. ते मुलीने, तिच्या शिक्षकांनी आणि आईवडिलांनी ठरवायचे असते. त्यासाठी विज्ञानाची काही मदत होते का, ते पाहू.

उंची वाढली की काय होते?

१४० सेंटिमीटर उंचीची मुलगी दोन वर्षांत १५४ सेंटिमीटर झाली, म्हणजे तिची उंची एक दशांशाने वाढली. शरीर सर्व बाजूंनी त्याच प्रमाणात वाढले असे धरू. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीच्या छेदावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. वजन मात्र लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. १.१ चा वर्ग १.२१ आणि घन १.३३. म्हणून ताकद सुमारे २१ टक्के वाढली, तर वजन ३३ टक्के वाढले. पूर्वी ती ३३ किलोची असेल, तर आता ४४ किलोची झाली.

कोलांटउडीत तर शरीर गरगर फिरवायचे असते. फिरण्यास होणाऱ्या विरोधाला जडत्व-आघूर्ण म्हणतात. ते वस्तुमान आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारावर, म्हणजे येथे लांबीच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. १.१ चा पाचवा घात १.६१ येतो. म्हणजे विरोध तब्बल ६१ टक्क्यांनी वाढला!

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात हातपाय आधी लांबतात आणि धड मागून वाढते. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. काल सहज जमणारी उडी आज जमेनाशी झाली, तर दर वेळी तो आळस नसतो. मेंदूने जुन्या शरीराचा हिशेब पाठ केलेला असतो आणि शरीर नवे झालेले असते.

हाडांची वाढपट्टी

वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाड लांबते ते येथूनच. या थराला आपण वाढपट्टी म्हणू. पक्क्या हाडापेक्षा ती नाजूक असते आणि झपाट्याने वाढ होत असताना अधिकच नाजूक होते. लहान वयात वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढणारी उंची या काळात मुलींमध्ये आठ आणि मुलांमध्ये नऊ सेंटिमीटरच्या आसपास वाढते. हा वेग मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. मात्र एकाच वर्गातील दोन मुलींमध्ये याबाबत दोन-तीन वर्षांचेही अंतर पडू शकते.

आता उडीचा आघात पाहा. एक मीटर उंचीवरून खाली येणारी मुलगी ताठ पायांनी उतरली आणि १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर पायांवर पडणारे सरासरी बल वजनाच्या ११ पट होते. तीच गुडघे व कंबर वाकवून ४० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर ते साडेतीन पटच राहते. कार्य आणि ऊर्जा यांचे समीकरण मांडून हे उत्तर स्वतः पडताळून पाहा. नीट उतरता येणे ही केवळ गुणांसाठीची शोभा नव्हे, ते हाडांचे संरक्षण आहे. म्हणून उतरणे पक्के झाल्याशिवाय अधिक उंच उडी नको.

गुणांचे गणित

आंतरराष्ट्रीय नियमांत २००६ पासून अवघडपणाचे आणि सफाईचे गुण वेगवेगळे दिले जातात. कसरतींना ०.१, ०.२, ०.३ असे चढते मूल्य असते. एक पायरी अवघड कसरत घेतली की ०.१ गुण वाढतो. पडल्यास मात्र पूर्ण १ गुण कापला जातो. सरावात दहापैकी एकदा पडणारी मुलगी सरासरी ०.१ मिळवते आणि सरासरी ०.१ गमावते. फायदा शून्य! म्हणजे दहापैकी नऊ वेळा जमणारी कसरतही स्पर्धेसाठी अजून कच्चीच समजायची.

जगाने काय शिकले?

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने पूर्ण १० गुण मिळवले, तेव्हा ती १४ वर्षांची होती. पुढे मुलींसाठीची किमान वयोमर्यादा १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ वर्षे करण्यात आली. कोवळ्या शरीरांवर पडणारा ताण हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्रिपुराची दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली. तेव्हा ती नुकतीच २३ वर्षांची झाली होती. त्याच फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना ४१ व्या वर्षी उतरली होती. बाराव्या वर्षी एक हंगाम थांबल्याने सारे संपत नाही, हे यावरून पटावे.

आपल्या वऱ्हाडात या विद्येची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने थेट बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. असे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येते.

मग ठरवायचे कसे?

पहिली नोंद उंचीची. दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. डोक्यावर गुण्या धरून भिंतीवर खूण करा आणि वहीत आलेख काढा. मोजण्यात थोडी चूक होतेच, म्हणून दर आठवड्याला मोजण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा अधिक वाढ दिसली, तर वाढीचा वेग वर्षाला आठ सेंटिमीटर झाला. अशा काळात नवी अवघड उडी न घेता ताकद, लवचीकता आणि उतरण्याची सफाई यांवर भर द्यावा.

दुसरी नोंद सफाईची. जुनी कसरत सराव संपताना, दमलेली असतानाही, ओळीने दहा वेळा न पडता जमते का?

तिसरी नोंद दुखण्याची. मनगट, टाच, गुडघ्याखालचा भाग किंवा कंबर दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

चौथी नोंद मनाची. धावत येऊन ऐनवेळी मुलगी बिचकते का? पुढे जायचे आहे, असे ती स्वतः म्हणते का?

चारही उत्तरे अनुकूल असतील, तर उगाच मागे रोखू नये. वाढीचा झपाटा सुरू होण्यापूर्वीची वर्षे नवे कौशल्य शिकण्यास चांगली असतात आणि तेच ते करून मुले कंटाळतातही.

आपल्या शेलूबाजारच्या मुलीने जिल्हास्पर्धेला अवश्य जावे. तो मान तिने मिळवलेला आहे. पण तिचा आलेख चढता असेल, तर तिने तालुक्याला केलेल्याच कसरती अधिक सफाईने कराव्यात. निकालाच्या शिडीवर ती एक पायरी वर जाईल आणि अवघडपणाच्या शिडीवर काही महिने तेथेच थांबेल. दोन्ही शिड्या एकाच वेळी चढल्या पाहिजेत, असा नियम कोठेही नाही.